इंग्रजी प्रिपोझिशन : क्रियापदांशी व नामांशी जोडणी

नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी येऊन वाक्यातील इतर शब्दांशी त्याचा संबंध दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दाला प्रिपोझिशन म्हणतात. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. मात्र ती नामाच्या मागून लागतात. जुन्या इंग्रजीतही विभक्ती होत्या. त्या झिजत गेल्या, तसा त्यांचा बराचसा भार ‘ऑफ’, ‘टू’, ‘विथ’ अशा शब्दांवर आला.

कोणत्या शब्दाला कोणते प्रिपोझिशन लागते, हे केवळ अर्थावरून ठरत नाही. ‘डिपेंड’ला ‘ऑन’ लागते, ‘इंडिपेंडंट’ला ‘ऑफ’. ‘रीझन’ म्हणजे कारण आणि ‘कॉज’ म्हणजेही कारण, तरी पहिल्यापुढे ‘फॉर’ येते, दुसऱ्यापुढे ‘ऑफ’.

सर्वाधिक घोटाळा होतो तो एकाच शब्दकुळातील क्रियापद आणि नाम यांच्यात. ‘डिस्कस’ सकर्मक आहे, म्हणून ‘वी डिस्कस्ड द बजेट’ एवढेच पुरते. ‘डिस्कशन’ हे नाम. इंग्रजीत नामाला थेट कर्म घेता येत नाही, म्हणून तिथे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’सारखे प्रिपोझिशन हवे. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक या नामाच्या ओढीने होते, शिवाय मराठीतले ‘-विषयी चर्चा करणे’ मनात असतेच. ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’, ‘अटॅक द फोर्ट’ पण ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’, ‘डिमांड मनी’ पण ‘अ डिमांड फॉर मनी’ यांमागेही हेच तत्त्व आहे. ते एकदा उमगले की पाठांतराचा बराच भार हलका होतो. शाळेत ते आवर्जून शिकवायला हवे.

मराठीभाषकांच्या इतर चुकाही बहुधा प्रत्ययांतून येतात. ‘तिच्याशी लग्न झाले’ यावरून ‘मॅरीड विथ हर’ होते. हवे ‘मॅरीड टू हर’. ‘त्याला सांगितले’ यावरून ‘टोल्ड टू हिम’ होते. तिथे ‘टू’ नकोच. कचेरीच्या पत्रांत ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ सर्रास दिसते. इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, त्यामुळे पुढे ‘मीटिंग’ हवे.

अशा जोडण्या शोधायला कोश उपयोगी पडतो. कोशकार ए. एस. हॉर्न्बी यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला, टोकियोत 1942 साली निघालेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापलेला कोश परभाषक विद्यार्थ्यांसाठी होता. क्रियापदांचे वाक्यातील साचे दाखवणे हे त्याचे वैशिष्ट्य. आजच्या विद्यार्थिकोशांतही शब्दाच्या अर्थासोबत त्याचे प्रिपोझिशन दिलेले असते; अर्थ पाहताना तेही वाचून घ्यावे.