ढेकूण मोठे का होईनात?

'वनस्पतींचं संरक्षण' हा भाग शिकवताना आपण बाभळीचे काटे, खाजकुइलीची कुसं, रुईचा चीक, कडुनिंबाचा कडूपणा इथपर्यंत सहज येतो. ही साधनं डोळ्यांना दिसतात, बोटांना टोचतात, जिभेला कळतात. पण खाणाऱ्याला कुठेही न टोचता, त्याला मोठंच होऊ द्यायचं नाही, अशीही एक तऱ्हा आहे. ती उजेडात आली ती मात्र झाडावर नव्हे, तर हात पुसायच्या कागदात.

वनस्पतींमधली कडू, उग्र, विषारी द्रव्यं म्हणजे त्यांच्या चयापचयातला टाकाऊ माल, असं बराच काळ मानलं जाई. १८८८ मध्ये जर्मनीत येना इथे अर्न्स्ट श्टाल यांनी गोगलगायींना पानं खायला घालून पाहिली होती. गोगलगायी ज्या पानांना तोंड लावत नसत, ती अल्कोहोलने धुऊन दिल्यावर खात. एवढा स्पष्ट पुरावा असूनही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९५९ मध्ये गॉटफ्रिड फ्रेंकेल यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहून हा मुद्दा जोरात मांडला : ही द्रव्यं कीटकांना दूर ठेवण्यासाठीच आहेत.

यानंतर पाचेक वर्षांतली ही गोष्ट. कारेल स्लामा हे प्राग शहरातले कीटकशास्त्रज्ञ अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे कामाला आले. सोबत त्यांनी आपले ढेकूण आणले. हे आपल्या बाजेतले ढेकूण नव्हेत. लिंडेन झाडाच्या बिया खाणारे, लाल-काळ्या रंगाचे पायऱ्होकोरिस. प्रागमध्ये ते वर्षानुवर्षं सुखाने वाढत होते.

या किड्याचं पिलू पाच अवस्थांतून जातं आणि पाचव्यानंतर कात टाकून प्रौढ होतं. पिलाच्या अंगात एक बाल-संप्रेरक असतं. ते आहे तोवर कात टाकूनही पिलू पिलूच राहतं. शेवटच्या अवस्थेत ते नाहीसं झालं, तरच प्रौढपण येतं. व्ही. बी. विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात हे दाखवून दिलं होतं.

हार्वर्डमध्ये मात्र पाचव्या अवस्थेनंतर प्रौढाऐवजी सहाव्या अवस्थेचं भलंमोठं पिलू बाहेर पडू लागलं. काही तर सातव्या अवस्थेतही गेले. मग सगळे प्रौढ न होताच मरून जात. कुठून तरी बाल-संप्रेरकासारखं काहीतरी त्यांना मिळत होतं, हे उघड होतं. पण कुठून? दोघांनी प्राग आणि हार्वर्डमधले फरक एकेक करून तपासले. शेवटी बोट गेलं ते बरणीत अंथरलेल्या कागदी टॉवेलकडे. त्याजागी गाळण कागद घातला, आणि ढेकूण नीट मोठे झाले.

पुढचा भाग आम्हाला फार आवडतो. त्यांनी हाती लागेल तो कागद तपासला. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'बोस्टन ग्लोब', 'वॉल स्ट्रीट जर्नल' आणि 'सायन्स' यांच्या कागदावर ढेकूण पोरच राहत. लंडनचा 'टाइम्स' आणि 'नेचर' यांच्या कागदावर काहीच होत नसे! फरक मजकुराचा नव्हता, झाडाचा होता. अमेरिकी कागदाचा लगदा मुख्यतः बाल्सम फर वगैरे सूचिपर्णी झाडांपासून बनत असे. लाकडातलं द्रव्य लगदा, यंत्र, छपाई एवढ्या सगळ्यातून टिकून राहिलं होतं. १९६६ मध्ये बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी बाल्सम फरमधून ते वेगळं केलं आणि त्याची रचना सांगितली. त्याला जुवाबायोन म्हणतात.

त्याच वर्षी के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी आपल्याकडच्या कपाशीवरच्या लाल ढेकणावर, म्हणजे डिस्डर्कसवर, हाच परिणाम दाखवला. भेंडीवर किंवा सावरीखाली मुलांना जोडीजोडीने फिरणारे हे किडे सहज दाखवता येतील. ते पायऱ्होकोरिसच्याच कुळातले. या कुळाबाहेरच्या कीटकांवर कागदाचा तसा परिणाम दिसला नाही.

हे महत्त्वाचं होतं. रेचेल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये आलं होतं आणि डीडीटी सरसकट सगळ्यांनाच मारतं, ही चिंता ऐरणीवर होती. विल्यम्स यांनी १९६७ मध्ये संप्रेरकांना 'तिसऱ्या पिढीची कीटकनाशकं' म्हटलं. आशा जरा जास्तच होती, असं आता वाटतं. पिकावरची अळी मोठी झाली नाही, तरी तोवर पान खातच राहते. शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं ते होतंच. डासाचं उलट आहे. त्याची अळी पाण्यात काही बिघडवत नाही, चावते ती प्रौढ मादी. म्हणून याच धर्तीवर बनवलेलं मेथोप्रीन १९७५ पासून डासांविरुद्ध चांगलं उपयोगी पडलं.

पण फर झाडावर हे लाल ढेकूण राहतच नाहीत, मग हे द्रव्य कोणासाठी? विल्यम्स यांचा तर्क असा की, पूर्वी कधीतरी याच जातकुळीचा शत्रू त्या झाडाला छळत असावा. तर्क मोहक आहे, पण पुरावा म्हणून अपुरा.

बॉवर्स यांनी पुढे उलटं शोधायला सुरुवात केली. बाल-संप्रेरक बंदच पाडणारं झाड असेल का? १९७६ मध्ये त्यांना अजेरॅटममध्ये प्रिकोसीन सापडलं. त्याने पिलं वेळेआधीच, चिमुकली आणि वांझ अशी प्रौढ होतात. आपल्या बांधावर, पडीक जागेत निळसर गोंड्यांची ओसाडी उगवते, ती याच प्रजातीतली. तिच्यातही प्रिकोसीन असतं.