पदरचे पैसे घालून

ग्रंथ लिहून पुरा होणें आणि तो छापून लोकांच्या हातीं पडणें, या दोन गोष्टींत केवढें अंतर पडूं शकतें याचें एक उदाहरण आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. तें छापून निघालें १९७९ सालीं, म्हणजे १२४ वर्षांनीं!

पेशवाईंत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल होती. इंग्रजी अमलांत त्या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे वळविण्यांत आला व तें काम दक्षिणा प्राइझ कमिटीकडे आलें. पुस्तकें पदरच्या जोखमीवर काढणारा प्रकाशकवर्ग तेव्हां पुण्यांत फारसा नव्हताच. सामान्य स्थितींतील लेखकास कमिटीचा किंवा सरकारी विद्याखात्याचाच आधार. जोतीरावांनीं आपलें नाटक कमिटीपुढें ठेविलें. त्यांत एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीति घालून तिच्या नवऱ्याला खर्चांत बुडवितो, आणि अखेरीस तें जोडपें शाळेंत जाऊन लिहावयास शिकण्याचा निश्चय करितें. कमिटीनें नाटक नापसंत केलें. कमिटींतील युरोपियन सभासदांचें ब्राह्मण सभासदांपुढें कांहीं चाललें नाहीं, असें खुद्द जोतीरावांनींच पुढें नमूद केलें आहे.

दक्षिणेच्या पैशांतून दक्षिणेवरच कोरडे ओढणाऱ्यास बक्षीस मिळावें ही अपेक्षाच भोळेपणाची, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. मुलींच्या शाळांबद्दल १८५२ सालीं याच जोतीरावांचा सरकारनें विश्रामबाग वाड्यांत जाहीर सत्कार केला होता. तेव्हां त्यांनीं तिशीहि गांठली नव्हती. सरकारच्या दारीं आपल्या लेखणीसहि न्याय मिळेल असें त्यांना वाटलें, यांत नवल तें काय?

नाटक बाजूस पडलें. पुढें चौदा वर्षांनीं, १८६९ सालीं, त्यांचा शिवाजीवरील पवाडा व 'ब्राह्मणांचें कसब' हीं पुस्तकें निघालीं. कमिटीनें नाकारल्यावर कांहीं वर्षांनीं आपण एक लहानसें पुस्तक स्वतः खर्च करून छापून काढिलें, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. हा खर्च त्यांना झेपला, कारण त्यांची उपजीविका कंत्राटें व व्यापार यांवर होती. कोणाच्या नोकरीवर नव्हे. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. आम्ही मास्तर लोक पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारे. वरिष्ठांस न रुचणारें चार पानी पत्रक काढावयाचें तरी दहादां विचार करितों. १८७३ सालीं 'गुलामगिरी' निघाली, आणि नाटक नाकारल्याची सारी हकीकत त्यांनीं तींतच सांगून टाकिली. कमिटीच्या कृपेनें निघालेल्या पुस्तकांत ती हकीकत कशी आली असती? आज आपणांस ती ठाऊक आहे ती त्या पदरच्या खर्चामुळेंच.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. १८८३ सालीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. या वेळीं दार ठोठावलें तें परक्याचें नव्हे. सत्यशोधक चळवळींतीलच 'दीनबंधु' पत्राचें. पहिलीं दोन प्रकरणें छापून आलीं आणि पुढचीं थांबलीं. नाटकाच्या वेळीं नकार देणारे विरोधी पक्षाचे होते. येथें कच खाल्ली ती आपल्याच माणसांनीं. सरकारची व शेटजी-भटजींची इतकी उघड झाडाझडती छापण्यास संपादकाचें मन कचरलें असेल, तर त्याला सर्वस्वीं दोष देणें मला जड जातें. छापखाना बंद पडला तर पोटें अनेकांचीं जातात. पण जोतीरावांनीं तो दिला. १८८५ सालच्या 'सत्सार' या आपल्या छोटेखानी पुस्तकांत त्यांनीं आपल्यांतील छापखानेवाल्यांच्या भित्रेपणावर रोष काढिला आहे.

'असूड' मात्र छापखान्यासाठीं अडून राहिला नाहीं. हस्तलिखित घेऊन जोतीराव गांवोगांव हिंडले. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं त्यांनीं तें लोकांना वाचून दाखविलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनींहि तें ऐकिलें. ओतुरास समोर बसलेल्या शेतकऱ्यांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. पुस्तक छापलें असतें तरी तें त्यांना कोणीतरी वाचूनच दाखवावें लागलें असतें.