काळ्या कातळाचं भांडण

शाळेत भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : खडकांचे प्रकार किती व कोणते? अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. तीन नावं लिहिली की मार्क खिशात! पण मंडळी, ही नावं पुन्हा एकदा वाचून बघा. त्यात खडकाचा रंग नाही, वजन नाही, कठीणपणाही नाही. आहे तो फक्त खडकाचा जन्म. आणि तो तर कोणीच पाहिलेला नसतो! मग हे ठरलं कसं? चक्क भांडून. आणि भांडणाचं मूळ होता आपल्या चांगल्या ओळखीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट.

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत १७७५ पासून आब्राहाम वेर्नर शिकवत असे. युरोपभरातून मुलं त्याच्याकडे यायची. त्याचं म्हणणं सरळ होतं : पूर्वी सगळी पृथ्वी समुद्राखाली होती आणि त्या पाण्यातून एकेक थर खाली बसत गेला. आधी ग्रॅनाइट, मग बाकीचे. ज्वालामुखी? ते जमिनीखालच्या कोळशाला आग लागून होतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. शायबेनबर्गच्या टेकडीवर त्याला वाळू, तिच्यावर चिकणमाती आणि सगळ्यात वर बेसाल्ट दिसला. झालं, १७८८ साली त्याने जाहीर केलं की बेसाल्टही पाण्यातलाच!

गंमत म्हणजे याच्या पंचवीस वर्षं आधी, १७६३ साली, निकोला देमारे हा फ्रेंच सरकारी अधिकारी ओव्हेर्न्य भागात फिरत होता. तिथले बेसाल्टचे सहाकोनी खांब पाहिल्यावर त्याने तो खडक कुठून आला याचा माग काढला. माग निघाला थेट विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत. म्हणजे हा तर लाव्हा!

तिकडे स्कॉटलंडमध्ये जेम्स हटनला १७८५ साली ग्लेन टिल्टच्या दरीत ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या सापडल्या. घुसला, म्हणजे तेव्हा तो वितळलेला असणार, आणि वयानेही लहान. वेर्नरची उतरंड तळापासूनच हलली.

पण विरोधकांचा एक मुद्दा बिनतोड वाटत होता. दगड वितळवून थंड केला तर काच होते, स्फटिक कुठे होतात? हटनचा मित्र जेम्स हॉल याला वाटलं, भट्टीत करूनच बघू. हटनला असले प्रयोग पसंत नव्हते, म्हणून तो १७९७ साली वारेपर्यंत हॉल थांबला. मग १७९८ साली त्याने निकाल मांडला : वितळलेला बेसाल्ट झटकन थंड केला तर काच, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकांचा दगड. फरक फक्त वेळेचा!

मला सगळ्यात आवडतो तो शेवट. वेर्नरचा शिष्य दोब्युइसाँ याने १८०३ साली गुरूची बाजू घेऊन बेसाल्टवर लिहिलं. मग तो स्वतः ओव्हेर्न्यला गेला, डोळ्यांनी पाहिलं आणि मत बदललं. गुरू मोठा असला तरी दगड त्याहून मोठा.

अर्थात वेर्नर सगळाच चुकला नव्हता. वाळूचा खडक पाण्याने आणलेल्या गाळाचाच असतो. पाणी आणि आग दोघांनाही जागा मिळाली, आणि उष्णतेने, दाबाने बदललेल्या खडकांना १८३३ साली चार्ल्स लायलने ‘रूपांतरित’ हे तिसरं नाव दिलं.

आता आपल्याकडे या. दख्खनच्या जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा पसरलाय. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला देमारेने पाहिले तसलेच खांब उभे आहेत. पुढच्या ट्रेकला सह्याद्रीतला एखादा ताजा फुटलेला दगड उचला. कण नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नसतील, तर तो पृष्ठभागावर लवकर थंड झालेला बेसाल्ट. स्वयंपाकघरातल्या खऱ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मात्र पांढरे-गुलाबी कण सहज मोजता येतात, कारण तो खोल जमिनीत निवांत थंड झाला. हॉलची भट्टी आठवली ना?

बस्स, पाठांतराची गरजच नाही. दगड स्वतःच सांगतो, फक्त जवळ जाऊन बघावं लागतं.