फलटण परिसरातील खिलार आणि शर्यतीचा वेग

मोटारीचा जोर जसा ती किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते यावर जोखला जातो, तसा फलटण आणि माणदेशाच्या कोरड्या मुलखात बैलाचा जोर पूर्वीपासून त्याच्या पहिल्या उसळीवर जोखला जात आला. या मुलखाची जात खिलार : पांढुरका रंग, मागे वळलेली लांब टोकदार शिंगे, अंगाला चिकटलेली कातडी आणि कठीण खूर. तिचे आटपाडी महाल आणि म्हसवड हे प्रकार याच टापूच्या नावाने ओळखले जातात. कमी पाण्याच्या या प्रदेशात तिच्या चपळाईला मोल होते.

सातारा-सांगलीकडे शर्यतीत सपाट मैदानावर शेजारशेजारच्या फाट्यांतून, म्हणजे आखलेल्या धावपट्ट्यांतून, हलके छकडे एकदम सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा फेऱ्यांतून निकाल लागतो. पुण्याकडे मात्र घाटाच्या चढावर गाडा एकेक सोडून वेळ मोजतात. त्यामुळे या दोन रीतींतील बैलांची तुलना सेकंदांवर करणे अन्यायाचे ठरते. मैदानात झेंडा पडताच जुंपणीतला आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेला खोंड, मोठ्या बैलाच्या बरोबरीने वेग उचलतो का, हेच निर्णायक असते.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या; राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.