मेगाब्लॉक न घेता रूळ बदलायचे कसे?

मेगाब्लॉक म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. रविवारचा दिवस, फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवलेल्या, सगळं पंधरा-वीस मिनिटं उशिरा, आणि रिकाम्या झालेल्या रुळांवर रेल्वेची माणसं काम करतायत. आपण वैतागतो. पण गाड्या उशिरा का होईना चालू असतात, कारण शेजारी आणखी एक रूळ असतो.

आता हे डोक्यात ठेवून आजच्या विषयाकडे या. बँकेची खाती, विमानाची तिकिटं, हॉस्पिटलचे रिपोर्ट ज्या मशीनमध्ये ठेवलेले असतात त्याला आमच्या धंद्यात स्टोरेज अ‍ॅरे म्हणतात. कपाटाएवढं धूड, आत डझनावारी, कधी शेकडो डिस्क, आणि त्यांच्यावर हुकूमत चालवणारे दोन किंवा जास्त कंट्रोलर. ह्या धुडातल्या डिस्क, कंट्रोलर, पंखे, पॉवर सप्लाय हे सगळं चालू मशीनमध्ये बदलता येतं. एटीएमसमोर उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

ही सोय यायला तीस-पस्तीस वर्षं लागली. आणि गंमत म्हणजे ती अपग्रेडच्या हौसेपोटी आली नाही, डिस्क मरण्याच्या भीतीपोटी आली. ती गोष्ट आज सांगतो.

सुरुवात १९५६ ची. आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या टीमने रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरसाठी पहिली हार्ड डिस्क बनवली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन टनाच्या वर, आणि साठवण किती? ५० लाख अक्षरं. म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एक बरा फोटो. संपूर्ण सिस्टिमचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. मूळ मॉडेलमध्ये डेटा वाचायला एकच हात, तो वर-खाली सरकत हव्या त्या तबकडीपाशी जायचा. एक खांब, एक हात. त्यातलं काही बदलायचं तर काम थांबवायचं, दुसरा मार्गच नाही.

१९६२ मध्ये आयबीएमनेच १३११ नावाची ड्राइव्ह आणली. हिच्या तबकड्यांचा गठ्ठा चक्क उचलून बाहेर काढता यायचा. सहा तबकड्या, साधारण साडेचार किलो, २० लाख अक्षरं. डबा बदलावा तसा पॅक बदलायचा. पण पॅक बाहेर असताना त्यातला डेटाही बाहेरच! पुढे डिस्कची घनता वाढली, धुळीचा कणही परवडेना, आणि १९७५ च्या आयबीएम ३३५० मध्ये तबकड्या कायमच्या आत बंद झाल्या. थोडक्यात काय, डिस्क मोठ्या झाल्या, वेगवान झाल्या, पण रूळ एकच राहिला.

दुसरा रूळ टाकला तो टँडेम कॉम्प्युटर्सने. जिमी ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये काढलेली ही कंपनी. १९७६ मध्ये त्यांचं पहिलं मशीन सिटीबँकेत गेलं. त्यांचा धंदाच मुळी ‘बंद न पडणारा कॉम्प्युटर’ विकण्याचा. प्रत्येक गोष्ट दोन-दोन: प्रोसेसर, पॉवर सप्लाय, डिस्ककडे जाणारे रस्ते. डिस्कच्याही जोड्या, एकीवर लिहिलं ते दुसरीवरही. एक गेली तर दुसरीवर काम चालू, आणि गेलेली बदलून टाकायची. उत्तम. फक्त डिस्कचा खर्च दुप्पट. बँकेला परवडतं, सगळ्यांना कुठून परवडणार?

इथे १९८८ साल येतं. बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडवरचा तो प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता. मेनफ्रेमची एक महागडी १४ इंची डिस्क साडेसात जीबीची. पीसीची साडेतीन इंची स्वस्त डिस्क १०० एमबीची. मग महागडीऐवजी स्वस्तातल्या शंभर का लावू नयेत?

उत्तरही त्यांनीच दिलं. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास. शंभर एकत्र लावल्या तर त्यातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवड्यांच्या आत! असं मशीन कोण घेईल?

उपाय म्हणजे हिशेबाची एक जादा डिस्क. चार डिस्कवर ३, ५, २, ७ असे आकडे असतील तर पाचवीवर बेरीज लिहा, १७. आता कुठलाही एक आकडा पुसला गेला तरी बाकीच्यांवरून काढता येतो. (प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांचं एक्सॉर असतं, पण कल्पना हीच.) ह्याच धर्तीची कल्पना आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांच्या १९७८ च्या पेटंटमध्ये होती. बर्कलीच्या पेपरने तिला आडनाव आणि गणित दिलं. रेडमधला ‘आय’ तेव्हा ‘स्वस्त’ यासाठीचा इंग्रजी शब्द होता. नंतर विकणाऱ्यांनी तो ‘स्वतंत्र’ करून टाकला. स्वस्त म्हणून महाग कसं विकणार :-)

आणि इथेच अपग्रेडचा जन्म झाला असं मला वाटतं. जे मशीन डिस्क मेली तरी चालतं, ते मशीन मी स्वतः डिस्क ओढून काढली तरीही चालणार. मशीनला दोन्ही सारखंच. अपग्रेड म्हणजे आपण वेळ ठरवून घडवून आणलेला बिघाड.

१९९० मध्ये ईएमसी कंपनीने मोशे यानाई यांच्या टीमने बनवलेलं सिमेट्रिक्स बाजारात आणलं. २४ जीबी, आत छोट्या डिस्कची फौज आणि पुढे मोठी कॅश मेमरी. बाहेरच्या मेनफ्रेमला मात्र ते आयबीएमच्या नेहमीच्या डिस्कसारखंच दिसायचं. म्हणजे मेनफ्रेमला माहीत असलेला पत्ता एक, डेटा प्रत्यक्षात असलेली जागा दुसरी. एकदा ही फारकत झाली की आतली जागा हवी तितक्या वेळा बदला, पत्ता तोच. हेच काम सर्व्हरच्या बाजूने व्हेरिटासच्या व्हॉल्यूम मॅनेजरने केलं. जुन्या अ‍ॅरेला नवा अ‍ॅरे आरसा म्हणून जोडायचा, कॉपी पूर्ण झाली की जुना सोडवायचा. अख्खं कपाट बदललं तरी डेटाबेस चालूच. (ह्या व्हेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर आपल्या पुण्यात होतं.)

मग आता काळजी मिटली का? नाही. दोन गोष्टी उरतातच.

पहिली म्हणजे वेळ. नवी डिस्क लावली की तिच्यावरचा डेटा बाकीच्यांवरून पुन्हा तयार करावा लागतो, आणि तो होईपर्यंत हिशेबाची डिस्क आधीच खर्ची पडलेली असते. १०० एमबीची डिस्क सेकंदाला १ एमबी वेगाने दोन मिनिटांच्या आत भरते. २० टीबीची डिस्क सेकंदाला २५० एमबी वेगाने, मध्ये दुसरं काहीही काम न करता, २२ तास घेते. आठ डिस्कच्या गटात एकेक काढून मोठी लावायची म्हणजे हा धोका आठ वेळा पत्करायचा. तेवढ्यात दुसरी गेली तर बेरजेचा उपयोग शून्य. म्हणून तर दोन डिस्क गेल्या तरी तग धरणाऱ्या पद्धती आल्या. नेटअ‍ॅपच्या इंजिनिअरांचा यावरचा पेपर २००४ चा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धी ताकद. दोन कंट्रोलर असतील तर एक बदलताना सगळा भार दुसऱ्यावर. दोघेही रोज ७० टक्के राबत असतील तर एकावर १४० टक्के येणार. लोकलमध्ये १४० टक्के माणसं बसवता येतात, कंट्रोलरमध्ये नाही. म्हणजे अर्धी ताकद कायम राखीव ठेवायची. मॅनेजर लोकांना हे पटवणं हा वेगळाच प्रोजेक्ट.

मी स्वतः स्टोरेजवाला नाही, अ‍ॅप्लिकेशनवाला. पण एका क्लायंटकडे कंट्रोलर अपग्रेडच्या आधीच्या तपासणीत मी बसलो होतो. सगळे सर्व्हर दोन्ही कंट्रोलरना जोडलेले आहेत असं कागदावर लिहिलेलं. स्टोरेज टीममधल्या एका मुलीने कागदावर विश्वास न ठेवता एकेक सर्व्हर तपासला, तर एका जुन्या सर्व्हरला एकच केबल निघाली. त्यावर सगळ्या स्टाफचा पगार चालायचा, आणि महिनाअखेर तीन दिवसांवर होती. अपग्रेड आठवडाभर पुढे गेलं, वरून बोलणीही बसली. तिचं काम मात्र चोख होतं. अ‍ॅरे कितीही हुशार असला तरी सर्व्हरकडे दुसरा रूळच नसेल तर तो काय करणार?

२००८ मध्ये ईएमसीने सिमेट्रिक्समध्ये फ्लॅश ड्राइव्ह घातल्या, फिरत्या तबकड्या हळूहळू मागे पडू लागल्या. २०१५ पासून प्युअर स्टोरेजसारख्या कंपन्या ‘डेटा न हलवता दर काही वर्षांनी नवे कंट्रोलर’ ही वर्गणीच विकू लागल्या. ज्यासाठी १९५६ मध्ये काम थांबवावं लागायचं ते आता बिलातली एक ओळ झालंय.

असो. शुक्रवारी संध्याकाळी तुम्हालाही मेल येत असेल, ‘शनिवारी रात्री स्टोरेज अपग्रेड, सेवा बंद राहणार नाही’. तो डिलीट करण्याआधी आपल्या सर्व्हरला केबल किती आहेत एवढं नक्की विचारा.