पैजेची जागा : ब्रिटिश जुगार-कायद्याची पावणेदोनशे वर्षं

एकोणिसावं शतक संपत आलं असताना इंग्लंडमधली मोठमोठी न्यायपीठं एका शब्दावर अडून बसली होती. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात कुंपण घालून वेगळा काढलेला एक मोकळा तुकडा. वर छप्पर नाही, कुणाची ठरलेली खुर्ची नाही. शेकडो माणसं हिंडताहेत आणि त्यांच्यातच उभे राहून बुकी पैजा घेताहेत. या तुकड्याला कायद्याच्या भाषेत ‘जागा’ म्हणायचं की नाही? 1897 साली एका न्यायालयाने ‘म्हणायचं’ असं सांगितलं. जुगारविरोधी संघटनेने आनंद साजरा केला. पण केम्प्टन पार्क या लंडनजवळच्या मैदानाचा खटला वर गेला आणि 1899 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने निर्णय दिला की, ही ‘जागा’ नव्हे. शर्यतीच्या मैदानावरचा सगळा धंदा त्या एका शब्दावर वाचला.

माझं कायद्याचं शिक्षण झालेलं नाही. जुने निवाडे आणि संसदेतल्या चर्चा वाचत बसायची सवय आहे, एवढंच माझं भांडवल. ब्रिटनमधला ऑनलाइन जुगार आज मोजला जातो तो अब्जांमध्ये. 2023-24 या वर्षात, लोकांना परत गेलेली बक्षिसं वजा जाता, लॉटरी धरून सगळ्या जुगाराचं उत्पन्न सुमारे 15.6 अब्ज पौंड होतं. त्यातले 6.9 अब्ज ऑनलाइन कॅसिनो, पैजा आणि बिंगोचे. या बाजाराविषयी वाचू लागलो तेव्हा संगणक, अॅप, अल्गोरिदम अशा नव्या गोष्टींची अपेक्षा होती. सापडला तो 1899 चाच प्रश्न : पैज लागते ती नेमकी कुठे?

सुरुवात 1845 पासून करायला हवी. त्या वर्षीच्या कायद्याने जुगाराचे आणि पैजेचे सगळे करार रद्दबातल ठरवले. पैज लावणं गुन्हा नव्हता, पण जिंकलेले पैसे वसूल करायला न्यायालयाची पायरी चढता येत नव्हती. ‘आपापसात काय ते बघा’ असं सरकारने हात झटकून सांगितलं. या कायद्याचे पडसाद लगेच मुंबईत उमटले, तेही आडवळणाने. कलकत्त्याला सरकारी अफूचा लिलाव व्हायचा. त्यात सरासरी काय भाव निघेल यावर मुंबईचे व्यापारी मोठमोठ्या पैजा लावत. रामलाल ठाकुरसीदास यांचा अशाच पैजेचा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. लिलाव कलकत्त्यात, पैज मुंबईत, निकाल लंडनमध्ये! 1848 मध्ये कौन्सिलने ठरवलं की 1845 चा कायदा हिंदुस्थानाला लागू नाही आणि ही पैज बेकायदा नाही. कंपनी सरकारने त्याच वर्षी 1848 चा एकविसावा कायदा करून ही फट बुजवली. 1872 च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमात ते तत्त्व आजही आहे. त्याला अपवाद एकच, घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाचा. घोड्याचा मान सगळीकडे वेगळाच.

इंग्लंडमध्ये मात्र हात झटकून भागेना. लंडनच्या गल्ल्यांमध्ये भिंतीवर घोड्यांची यादी आणि भाव टांगून रोख पैजा घेणारी दुकानं निघाली. गडीमाणसं, शिकाऊ कामगार, कारकून तिथे रांगा लावू लागले. 1853 मध्ये ॲटर्नी जनरल अलेक्झांडर कॉकबर्न यांनी या दुकानांविरुद्ध कायदा आणला. पैजेसाठी घर, कचेरी, खोली ‘किंवा इतर जागा’ चालवणं गुन्हा ठरलं. टॅटरसॉल्ससारख्या ठिकाणी उधारीवर खेळणाऱ्या खानदानी मंडळींना धक्का लावायचा हेतू नव्हता आणि तो लागलाही नाही. बंदी आली ती रोखीच्या दुकानावर, म्हणजे ज्याची पत नाही त्याच्यावर.

यानंतर जे झालं ते वाचताना मी थबकलो. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तेव्हा इंग्लंडमधले काही बुकी ग्लासगो-एडिंबरोला गेले, इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन टपालाने पैसे मागवू लागले. ते बंद करायला 1874 साली कायदा स्कॉटलंडपर्यंत नेला. मग बुकींनी खाडी ओलांडून फ्रान्सच्या बुलोनमध्ये बस्तान बसवलं. गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये, पोस्टाची पेटी इंग्लंडमध्ये, बुकी मात्र परदेशात. पुढे जिब्राल्टरमध्ये जे घडलं त्याची ही रंगीत तालीमच होती. फक्त तारेच्या ठिकाणी इंटरनेट यायला सव्वाशे वर्षं लागली.

1906 च्या कायद्याने रस्त्यावर पैज घेण्यालाही बंदी केली. घरात टेलिफोन आणि बुकीकडे खातं असलेला माणूस बसल्या जागी उधारीवर पैज लावी, ते कायदेशीर. गिरणीच्या फाटकाशी सहा पेन्स लावणारा मजूर गुन्हेगार. साहजिकच ‘रनर’ नावाची एक जमातच तयार झाली. हे लोक दारोदार, दारूच्या गुत्त्यांत, कारखान्यांच्या आवारात फिरून चिठ्ठ्या गोळा करत. त्यांच्याजवळ एक खास पिशवी असे, तिच्या तोंडाला घड्याळ बसवलेलं. पिशवी बंद केली की वेळ नोंदली जाई, म्हणजे शर्यतीचा निकाल कळल्यावर कुणी चिठ्ठी आत सरकवली नाही, याची बुकीला खात्री. आजच्या सर्व्हरवरची वेळेची नोंद याहून वेगळं काय करते? पोलीस अधूनमधून एखाद्या रनरला पकडत, दंड होई, बुकी तो भरे. कायद्याविषयीचा आदर यातून किती उरला असेल, ते सांगायला नको.

‘जागा’ हा शब्द याच काळात आपल्याकडेही रुजला. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात ‘घर, भिंतीचं आवार, खोली किंवा जागा’ आहे. 1887 च्या मुंबईच्या कायद्यात कापूस-अफूच्या भावावरच्या आणि चक्क पावसावरच्या जुगाराचा अड्डा म्हणजे ‘कोणतंही घर, खोली किंवा जागा’. पुढे गिरणगावात न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर आकडा खेळला जायचा तेव्हा पोलीस धाड घालत ती गल्लीतल्या खोलीवर. आकडा मात्र महासागरापलीकडून यायचा.

ब्रिटनने पैजांवर कर लावून पाहिला तो 1926 मध्ये. चॅन्सेलर होते विन्स्टन चर्चिल. बेकायदा रस्त्यावरच्या बुकीला कर नव्हता, कायदेशीर बुकीला होता. गिऱ्हाईक कुठे जाणार? चर्चिलनी तीन वर्षांत तो कर गुंडाळला. शेवटी 1960 चा कायदा झाला आणि 1 मे 1961 पासून पैजेची दुकानं कायदेशीर झाली. गृहमंत्री होते आर. ए. बटलर. ही दुकानं मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. खिडक्यांमधून आतलं दिसता कामा नये. टीव्ही नाही, चहा-बिस्किट नाही, रेंगाळणं नाही. यायचं, चिठ्ठी द्यायची, निघायचं. दुकानांत टीव्ही आणि अल्पोपाहार आला तो थेट 1986 मध्ये. 1968 च्या कायद्याने कॅसिनोंसाठी असाच नियम केला : सभासद झालं तरी लगेच खेळता येणार नाही, मध्ये वेळ जायला हवा. डोकं थंड व्हायला.

या सगळ्यामागे एक तत्त्व होतं. मला ते ब्रिटिश कायद्यातलं सर्वांत शहाणं तत्त्व वाटतं. लोकांना जुगार खेळायचाच असेल तर त्याची सोय करावी, पण ती इच्छा चेतवू नये. तहानलेल्याला पाणी द्या, तहान लावू नका. चाळीसएक वर्षं हे तत्त्व टिकलं. ते नैतिक वादात हरलं नाही. ते हरलं जागेच्या प्रश्नावर.

1999 मध्ये व्हिक्टर चँडलर या नामांकित बुकीने आपला धंदा जिब्राल्टरला हलवला. स्पेनच्या टोकाला असलेला सात चौरस किलोमीटरहूनही लहान असा हा ब्रिटिश खडक, 1713 च्या उट्रेक्टच्या तहाने मिळालेला. तोपर्यंत ब्रिटनमधल्या दुकानात पैज लावली की कर-लेवी धरून नऊ टक्के गिऱ्हाइकाच्या माथी. जिब्राल्टरला फोन लावला की ते वाचत. बाकीच्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. दोन वर्षांत चॅन्सेलर गॉर्डन ब्राऊन यांनी शरणागती पत्करली. ऑक्टोबर 2001 पासून पैजेवरचा कर गेला, त्याऐवजी कंपनीच्या ढोबळ नफ्यावर 15 टक्के आला. त्याच वर्षी सर ॲलन बड यांच्या समितीने अहवाल दिला. प्रौढ माणसाला आपला निर्णय घेऊ द्यावा, मागणी न चेतवण्याचं जुनं तत्त्व सोडावं, असा त्याचा सूर होता.

नव्या कराचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दर पैजेवर कर होता तोवर अगदी थोड्या नफ्याचे, झपाट्याने खेळायचे खेळ परवडत नव्हते. आता परवडू लागले. दुकानांत रूलेटची यंत्रं आली, एका फेरीला शंभर पौंडांपर्यंत लावता येणारी. पैजेच्या दुकानात जुगाराची यंत्रं चालतात कशी? बुकींचं उत्तर ऐकण्यासारखं होतं : आकडा या यंत्रात निघतच नाही, तो दुसरीकडच्या सर्व्हरवर निघतो. म्हणजे हे यंत्र जुगाराचं नव्हे, दूरच्या घटनेवर पैज घेणारं. समोरच्या चकतीवर चेंडू फिरताना दिसतोय, पण कायद्याच्या दृष्टीने तो इथे नाहीच. केम्प्टन पार्कच्या वकिलांनी याला नक्की दाद दिली असती.

2005 चा कायदा सप्टेंबर 2007 मध्ये पूर्णपणे लागू झाला. जुगाराचा करार न्यायालयात वसूल होऊ लागला, 1845 चा हात-झटका 162 वर्षांनी संपला. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. ऑनलाइन धंद्याला परवाना मिळू लागला, पण ब्रिटनचा परवाना लागे तो कंपनीचं एखादं उपकरण ब्रिटनमध्ये असलं तरच. कर पुन्हा 15 टक्के. मग उपकरण ब्रिटनमध्ये ठेवायचं कशाला? युरोपातले देश, जिब्राल्टर आणि यादीतली आल्डर्नी, आइल ऑफ मॅन, अँटिग्वा, अगदी टास्मानियासुद्धा, इथून ब्रिटिश गिऱ्हाइकाला जाहिरात करायची मुभा होतीच. 2009 मध्ये विल्यम हिल आणि लॅडब्रोक्स या जुन्या नावांनीही ऑनलाइन पैजा जिब्राल्टरला नेल्या.

याला एक ठळक अपवाद होता. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, पण भट्ट्या विझत चाललेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये डेनिस कोट्स यांनी कुटुंबाची पैजेची दुकानं गहाण टाकून ‘बेट365’ ही कंपनी उभी केली. सुरुवात पत्र्याच्या तात्पुरत्या केबिनमध्ये. दुकानं त्यांनी 2005 मध्ये विकून टाकली, काळाचा रोख ओळखून. मार्च 2020 ला संपलेल्या एका वर्षाचा त्यांचा पगार 42 कोटी 10 लाख पौंड होता. त्या गावात शेकडो घरांच्या चुली या कंपनीवर पेटतात, हेही खरं. बाकी बाजारात आता मोठ्यांनी लहानांना गिळून झालं आहे. लॅडब्रोक्स आणि कोरल एकाच एंटेनकडे. पॅडी पॉवर, बेटफेअर आणि स्काय बेट एकाच फ्लटरकडे. फ्लटरने 2024 मध्ये आपली मुख्य नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नेली.

जागेच्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनने अखेर 2014 मध्ये बदललं. बुकी कुठे, सर्व्हर कुठे, हे सोडून द्या. खेळणारा कुठे बसलाय? तो ब्रिटनमध्ये असेल तर परवाना ब्रिटनचा आणि कर ब्रिटनचा. जिब्राल्टरच्या कंपन्या न्यायालयात गेल्या, हरल्या, युरोपियन न्यायालयात गेल्या. 2017 मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की, या कामापुरते ब्रिटन आणि जिब्राल्टर एकच सदस्य राष्ट्र आहेत, मग सीमापार व्यापाराला अडथळा आला कुठे? ज्या अंतरावर सगळा धंदा उभा राहिला होता ते अंतर कायद्याच्या नकाशावरून पुसलं गेलं.

पण खेळणारा कुठे बसलाय, याचं खरं उत्तर तिजोरीच्या उपयोगाचं तेवढंच भीषणही होतं. तो अंथरुणात होता, संडासात होता, बसमध्ये होता. 1961 च्या दुकानाला बंद व्हायची वेळ होती, फोनला नव्हती. 2022 मध्ये शेफील्डच्या मृत्युचौकशी न्यायालयात एका 24 वर्षांच्या तरुणाच्या आत्महत्येची सुनावणी झाली. शाळेत असताना त्याला पैजेच्या दुकानातल्या त्या यंत्रांचा नाद लागला, पुढे ऑनलाइन. जुगाराच्या व्यसनाचा त्याच्या मृत्यूला हातभार लागला आणि त्या व्यसनाबद्दलची सूचना, माहिती, उपचार अपुरे होते, असं न्यायालयाने नोंदवलं. या निष्कर्षासाठी आईवडिलांना पाच वर्षं झगडावं लागलं.

गेल्या काही वर्षांतले बदल अशा माणसांच्या रेट्यातून आले. एप्रिल 2019 मध्ये दुकानातल्या यंत्रावरची मर्यादा शंभर पौंडांवरून दोनवर आली. त्याला दिरंगाई होतेय म्हणून त्याआधी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला होता. क्रेडिट कार्डावर जुगार एप्रिल 2020 पासून बंद. ऑनलाइन स्लॉटवर एका फेरीला पाच पौंडांची आणि पंचविशीच्या आतल्यांना दोन पौंडांची मर्यादा 2025 मध्ये आली. त्याच वर्षी उपचार आणि संशोधनासाठी सक्तीची वर्गणीही सुरू झाली. म्हणजे पुन्हा वेग कमी करणं आणि खिशाला आवर घालणं. 1960 चे लोक कंटाळवाण्या भिंतींनी जे करत होते ते आता आकड्यांनी करावं लागतंय.

प्रत्येक वेळी कंपन्यांचं म्हणणं एकच असतं : फार आवळलंत तर गिऱ्हाईक बेकायदा परदेशी साइटवर जाईल. हा युक्तिवाद मी थट्टेवारी नेणार नाही. बुलोन खरं होतं, चर्चिलचा कर खरा फसला होता. पण ज्यांनी स्वतः खडकावर स्थलांतर करून सरकारला वाकवलं, त्यांनीच आता परदेशातल्या चोरांची भीती घालावी, यातली गंमत इतिहास वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

भारताने ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला. ब्रिटनने त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात दुसरी वाट घेतली. ऑनलाइन कॅसिनोवरचा कर 21 टक्क्यांवरून 40 वर, एप्रिल 2026 पासून. ऑनलाइन पैजांवर 15 च्या जागी 25, एप्रिल 2027 पासून. त्यातून एक गोष्ट वगळली आहे : ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यती. तिथला दर 15 टक्केच राहील.