पत्ता शाखेचा, नाव माणसाचे

आपल्या चेकबुकातले एखादे कोरे पान काढून पाहा. शाखेच्या पत्त्याजवळ इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून अकरा चिन्हांची एक ओळ छापलेली दिसेल. हा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक. मुलाच्या वसतिगृहाची फी भरायची असो, गावच्या घराच्या दुरुस्तीचे पैसे धाडायचे असोत, हा संकेतांक विचारला जातो. आपण तो लिहून देतो आणि पैसे जातात. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बँकेत ड्राफ्टच्या खिडकीवर गेली, त्यामुळे या ओळीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. ती काय सांगते हे पुष्कळांना माहीत असते. ती काय सांगत नाही, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

परगावी पैसे पाठवायचे म्हटले की तीन प्रश्न येतात. कुठे, कोणाला आणि किती? आपल्याकडच्या सावकारांनी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हुंडीच्या एका कागदावर बसवली होती. रोख रक्कम बैलगाडीवर लादून चोरांच्या वाटेने नेण्यापेक्षा इथल्या पेढीवर पैसे भरायचे आणि तिथल्या पेढीवर कागद दाखवून ते घ्यायचे. हुंडीत रक्कम लिहिण्याची पद्धत मोठी मजेची होती. रुपये पाचशे, त्याचे निमे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे, अशा धर्तीचा मजकूर असे. कोणी पाचशेवर एक शून्य वाढवलेच, तर निम्म्याचा हिशेब जुळत नसे. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ.

आणि कोणाला? त्यासाठी शाहजोग हुंडी होती. तिचे पैसे कोणाही येरागबाळ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फतच ती वटे. पुढे हुंडी बनावट निघाली तर त्या व्यापाऱ्याला पैसे परत करावे लागत. म्हणजे कागदामागे एक माणूस उभा असे. इंग्रज सरकारने १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा हुंडीच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही.

हुंडी व्यापाऱ्यांची. गोरगरिबांना परगावी पैसे पाठवण्याची सोय १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डरच्या रूपाने करून दिली. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी महिन्याच्या पगारातून काही रुपये काढी आणि रत्नागिरीकडच्या आपल्या घरी पाठवी. कोकणातल्या कित्येक घरांच्या चुली या पैशांवर पेटल्या. मनीऑर्डरची सुरक्षितता कशात होती? फॉर्मवर पत्ता असे हे खरे; पण खरा पहारा पोस्टमनचा. तो घर ओळखी, घरातली माणसे ओळखी. पैसे हातात ठेवून सही किंवा अंगठा घेई. आणि ती सही केलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत येई. पैसे पोचले, आणि योग्य हातात पोचले, याचा तो पुरावा.

बँकांची रीत वेगळी होती. ड्राफ्ट एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढायचा, त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या असायच्या, आणि समोरच्या शाखेत त्या सह्यांचे नमुने ठेवलेले असायचे. घाई असेल तर तारेने पैसे पाठवता येत. पण तार वाटेत दहा जण वाचणार, म्हणून तिच्यात एक गुप्त संख्या घालत. रक्कम, तारीख वगैरेंवरून ती कोष्टकाच्या आधारे काढावी लागे. पलीकडच्या शाखेत तोच हिशेब करून संख्या जुळली, तरच पैसे द्यायचे. कोष्टकाची वही कुलपात असे. ती हाती असलेल्या अधिकाऱ्याचा रुबाब मी पाहिलेला आहे.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे वळू. एका नावाची गावे आपल्या देशात ढिगाने आहेत. टपालाची पाकिटे त्यामुळे भलतीकडे जात. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या मराठी माणसाचे हे काम रोजच्या व्यवहारात इतके मुरले आहे की त्यांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही. १९८० च्या दशकात चेकची छाननी यंत्राने होऊ लागली, तेव्हा चेकच्या तळाशी चुंबकीय शाईने नऊ अंकी क्रमांक आला. त्यातले पहिले तीन अंक शहराचे आणि ते पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांशी जुळणारे, मुंबईला ४००, पुण्याला ४११. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे.

चेकला शहर पुरे होते. तारांवरून धावणाऱ्या पैशाला देशभरातली नेमकी शाखा हवी होती. ‘शिवाजीनगर शाखा’ एवढ्याने काय कळणार? शिवाजीनगरे गावोगाव आहेत. म्हणून आयएफएससी आला. त्यातली पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य, आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची. मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस २६ मार्च २००४ रोजी सुरू झाले, सर्वसामान्यांसाठी एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. दोन्हींचा पत्ता हाच संकेतांक. पुढे १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र चालू झाले. मनीऑर्डरला लागणारे दिवस मिनिटांवर आले.

पण या वेगात ‘कोणाला’ हा प्रश्न मागे पडला. आपण फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचे नाव लिहीत होतो. ते नाव कोणी जुळवून पाहत असेल, अशी आपली समजूत. रिझर्व्ह बँकेने मात्र १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते की बँका केवळ खाते क्रमांकावरून पैसे जमा करू शकतात आणि तो क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. यामागे व्यवहाराची अडचण होती. एकच ‘कुलकर्णी’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते. कुठे वडिलांचे नाव पुरे, कुठे नुसते आद्याक्षर. यंत्राने प्रत्येक नाव जुळवायचे ठरवले असते तर निम्मे पैसे वाटेतच अडले असते.

परिणाम काय झाला? शाखेचा संकेतांक चुकीचा, कुठेच नसलेला असेल, तर पैसे परत येतात. पण खाते क्रमांकातला एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कोणाचे निघाले, तर पैसे बिनबोभाट तिथे जमा. मग त्या खातेदाराच्या संमतीशिवाय ते परत मिळणे मुश्कील. ठकांनीही हे ओळखले. ‘आमचे खाते बदलले आहे, पैसे इथे पाठवा,’ असा निरोप ओळखीच्या दुकानदाराच्या नावाने येतो. संकेतांक खरा असतो, शाखा खरी असते, फक्त खाते भलत्याचे. पोस्टमन नसलेल्या रस्त्यावर घराचा क्रमांक बरोबर असून उपयोग काय?

त्यात बँकांच्या विलीनीकरणाने भर घातली. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली आणि १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने संकेतांक बंद झाले. जुन्या डायरीतला संकेतांक म्हणूनच जपून वापरावा. आणखी एक. काही छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेत आलेल्या आहेत. त्यांच्या संकेतांकाच्या सुरुवातीला मोठ्या बँकेची अक्षरे दिसली तर दचकू नये, आपल्या शाखेत एकदा विचारून घ्यावे.

शेवटी ‘कोणाला’ या प्रश्नालाही न्याय मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी नाव दाखवण्याची सोय करायला सांगण्यात आले. खाते क्रमांक आणि आयएफएससी भरला की त्या खात्यावरचे नाव पैसे पाठवण्याआधी समोर येते. त्यासाठी शुल्क नाही, आणि शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यांनाही ती सोय आहे.

तेव्हा संकेतांक पासबुकावरून किंवा चेकवरून उतरवून घ्या. तोंडी ऐकलेल्या ओळीत शून्य आणि ‘ओ’ या अक्षराची गफलत सहज होते. खाते क्रमांक दोनदा तपासा. खाते बदलल्याचा निरोप आला तर आपल्याकडच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. पहिल्यांदा पाठवताना थोडी रक्कम पाठवा आणि ती मिळाल्याचे त्या माणसाच्या तोंडून ऐका. ही आपली पोच. आणि पडद्यावर नाव आले की घाईने पुढचे बटण दाबू नका. शाहजोग हुंडीतला व्यापारी आणि दारातला पोस्टमन जे काम करत होते, ते आता त्या एका नावाने करायचे आहे. ते वाचायला दोन क्षण पुरतात.